बरगंडी हे नाव आलं कुठून?

बरगंडी म्हटलं की आपल्याकडे आधी साडीचा रंग आठवतो, मग फार तर वाईन. रंगाला नाव वाईनवरून, वाईनला फ्रान्समधल्या प्रांतावरून, आणि प्रांताला एका टोळीवरून पडलं, जी मुळात तिथली नव्हतीच. (फ्रेंच लोक या रंगाला बोर्दो म्हणतात, म्हणजे तिथेही वाईनच, फक्त दुसरी!)

तर बर्गंडियन ही जर्मानिक टोळी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी त्यांचं नाव घेतो, तेव्हा ते पार पूर्वेला, आजच्या पोलंडच्या बाजूला होते. नावाचा अर्थ साधारण 'उंचावरचे', ज्या धातूतून जर्मन बेर्ग म्हणजे डोंगर आला आणि संस्कृत बृहत् आला त्याच घरातला. बाल्टिक समुद्रातल्या बॉर्नहोम बेटाचं जुनं नाव बुर्गुंडारहोल्म, म्हणून टोळी तिथलीच असं बरेच जण ठोकून देतात, मला ते तितकंसं पटत नाही, कारण समुद्रातून वर डोकं काढलेल्या बेटाला लोक 'उंच' असं आपसूकच म्हणतील की.

पुढे ही मंडळी ऱ्हाईन नदीकाठी आली आणि 436-37 च्या सुमारास हूणांनी त्यांची अक्षरशः कत्तल केली, राजा गुंडाहार मारला गेला, जर्मन दंतकथांमधला गुंथर तो हाच. उरलेल्यांना रोमन सेनापती एटियसने 443 मध्ये जिनिव्हाच्या आसपास जमीन देऊन बसवलं, तिथून ते लिऑनपर्यंत पसरले, चांगलं राज्य वगैरे उभं केलं आणि 534 मध्ये फ्रँक या दुसऱ्या जर्मानिक टोळीने ते गिळलं. भाषा गेली, नाव तेवढं राहिलं.

खरा घोळ पुढेच आहे. फ्रान्समधल्या सोन नदीच्या पश्चिमेला दिजाँ शहराची डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, फ्रेंच राजाच्या हाताखाली, आणि पूर्वेला काउंटी, म्हणजे काउंटचा मुलूख, ती जर्मन साम्राज्यात, दोन्हींचं नाव बरगंडीच! 1477 मध्ये शेवटचा मोठा ड्यूक चार्ल्स नान्सीच्या लढाईत पडला, फ्रान्सने लगेच डची उचलली, पूर्वेकडची काउंटी मात्र 1678 च्या तहात पक्की फ्रान्सची झाली, तोवर तिला सगळे फ्रांश-कोंते म्हणायला लागले होते. 2016 मध्ये सरकारने दोन्ही जोडून एकच प्रांत केला, बूर्गोन्य-फ्रांश-कोंते. आणि जिथे हे लोक येऊन वसले ते जिनिव्हा आज स्वित्झर्लंडमध्ये, लिऑन फ्रान्सच्याच पण दुसऱ्या प्रांतात.