स्तनांचा भार उतरवताना मिश्रीचं खरं सांगा

स्तन फार मोठे असले की त्यांचं ओझं मान, खांदे आणि पाठ यांवर दिवसभर राहतं. ब्राच्या पट्ट्यांच्या खांद्यावर कायमच्या खाचा पडतात. स्तनाखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते, तिथं बुरशी होते. परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात ही आग पावडरीनं शमत नाही. ‘अंगच तसं आहे’ म्हणून बायका वर्षानुवर्षं सोसतात, पण या दुखण्यावर इलाज आहे: स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेची आखणी बाईला उभं करून करतात, कारण आडवं झाल्यावर स्तन बगलेकडे सरकतात. मग पूर्ण भूल देऊन साधारण २ ते ४ तास काम चालतं. जादा चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात. स्तनाग्र मात्र सहसा शरीरापासून सुटं करत नाहीत. रक्तवाहिन्या आणि नसा असलेल्या मांसल देठावर ते तसंच ठेवून वर सरकवतात. भोवतालचं काळं वर्तुळ सुमारे ४ सेंटिमीटरचं ठेवतात. टाके वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली आणि घडीत आडवे, असे जहाजाच्या नांगराच्या आकारात येतात. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला जातो.

सगळी भिस्त त्या देठातल्या रक्तावर असते. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, मग कातडीच्या कडा किंवा स्तनाग्रच काळं पडू शकतं. ‘तंबाखू खाता का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की पुष्कळ बाया नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसते. ती तंबाखूच आहे, भाजलेली. शस्त्रक्रियेआधी किमान ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे ती पूर्ण बंद हवी. लपवलं तर नुकसान स्वतःचंच. साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा. चाळिशीनंतर मॅमोग्राफीही (स्तनांचा एक्स-रे) करतात. अंगावर पाजणं थांबवून ६ महिने झालेले असावेत.

सर्जन प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी असलेला पाहा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथं असे डॉक्टर भेटतात. दिवस निवडताना कापसाची वेचणी आटोपलेली आणि ऊन तापायचं बाकी असलेलं बरं, कारण नंतर आधाराची ब्रा ४ ते ६ आठवडे रात्रंदिवस घालायची असते. ती पुढून उघडणारी, बिनतारेची हवी.

रक्त-पाणी काढणारी नळी ठेवली असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. पाठीवर, उशा लावून डोकं उंच ठेवून झोपा. पहिले २ आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नका. बसून करायचं काम २ आठवड्यांनी जमतं. खरी अडचण पाण्याची असते. १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो, आणि ६ आठवडे मर्यादा २-३ किलोची. हापसा, भाकरी थापणं, धुणं पिळणं यांनीही छातीचे स्नायू ताणतात. टँकर येणाऱ्या गावात पाणी कोण भरणार, हे तारीख घेण्याआधी घरात ठरवा.

उभे आणि आडवे टाके मिळतात त्या कोपऱ्यावर ताण सर्वांत जास्त आणि रक्त सर्वांत कमी. तिथं छोटी फट पडणं हा नेहमीचा त्रास. ती ड्रेसिंगनं काही आठवड्यांत भरते. हळद, राख, तेल काही लावू नका. पहिल्या २४ तासांत एकच बाजू झपाट्यानं फुगली, स्तनाग्र निळं-काळं दिसलं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका.

स्तनाग्राची जाणीव कमी होऊ शकते, क्वचित कायमची. पुढं बाळाला पाजता येईलच अशी खात्री देता येत नाही, म्हणून लेकरं व्हायची असतील तर आधीच बोला. चरबीचा भाग मरून गाठ लागू शकते. ती बहुधा निरुपद्रवी असते, तरी तपासूनच घ्यावी. वण सुरुवातीला लालभडक होतात, फिकट व्हायला १२ ते १८ महिने लागतात. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल लावता येतं. सूज उतरेपर्यंत माप बदलत राहतं, त्यामुळं नव्या मापाच्या ब्रा ३ महिन्यांनंतरच घ्या.