पर्सेपोलिस (ग्राफिक कादंबरी)

पर्सेपोलिस ही मार्जान सात्रापी या इराणी-फ्रेंच लेखिकेने लिहिलेली आणि स्वतःच काढलेली आत्मचरित्रात्मक ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी. मूळ फ्रेंचमध्ये, २००० ते २००३ दरम्यान चार भागांत आली. नाव पर्शियन साम्राज्याच्या जुन्या राजधानीचं आहे, पण आत राजेबिजे फारसे नाहीत, आत आहे तेहरानमधल्या डाव्या विचारांच्या घरातली एकुलती एक पोरगी, तिचे आईबाबा आणि भन्नाट आजी. लोक हे पुस्तक इराणचं राजकारण समजून घ्यायला उचलतात, ते मिळतंही, पण माझ्या मते हे आधी वयात येण्याचं पुस्तक आहे आणि १९७९ ची इस्लामी क्रांती (राजेशाही जाऊन धर्मगुरूंची सत्ता आली ती), युद्ध वगैरे त्या वयात मधेमधे कडमडतात.

सुरुवातच बघा. साल १९८०, क्रांती होऊन एक वर्ष झालंय, शाळेत हिजाब सक्तीचा झालाय. पहिल्या चौकटीत दहा वर्षांची मार्जी, म्हणजे लहानपणीची सात्रापीच, दुसऱ्या चौकटीत वर्गातल्या मुलींचा फोटो, ज्यात ती इतकी कडेला बसलीये की चौकटीच्या बाहेरच गेलीये. चित्रं नुसती काळी-पांढरी, मधे करड्या रंगाची छटाच नाही, त्यामुळे काळ्या हिजाबांची रांग म्हणजे काळा ठोकळाच दिसतो आणि त्यातून फक्त चेहरे वर येतात.

पुढे इराण-इराक युद्ध (१९८०–८८) सुरू होतं आणि त्याच वेळी ही टीनएजर व्हायला लागते. आईबाबा तुर्कस्तानातून तिच्यासाठी रॉक बँडची पोस्टरं कोटाच्या अस्तरात शिवून आणतात, ती डेनिम जॅकेट घालून बाहेर पडते आणि क्रांतिरक्षक बायका (नव्या राजवटीचे कपड्यांचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) तिला रस्त्यात धरतात. मग तो सिगरेटचा प्रसंग. शाळा बुडवली म्हणून आई ओरडते तर ही तळघरात जाऊन काकाची ढापलेली सिगरेट ओढते, का तर आईच्या हुकूमशाहीविरुद्ध बंड! बाहेर खरी हुकूमशाही चालू असताना हे असं, त्या वयात आपल्यालाही घरचेच सगळ्यात मोठे शत्रू वाटायचे की.

१९८४ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवतात. तिथे शरीर बदलतं ते सात्रापीने अगदी निर्दयपणे काढलंय, आधी चेहरा लांबतो, मग एक डोळा मोठा होतो, दुसरा मागे राहतो, नाक सुटतं, हनुवटी पुढे येते, कशाचा कशाला मेळ नाही. नुसतं लिहून हे कधीच इतकं जमलं नसतं. पुढे ड्रग्ज, प्रेमभंग, शेवटी काही महिने रस्त्यावर राहणं आणि आजारी पडून तेहरानला परत. आर्ट कॉलेज, घाईचं लग्न, घटस्फोट हा भाग मला जरा उरकल्यासारखा वाटतो.

२००७ मध्ये सात्रापी आणि व्हँसाँ पारोनो यांनी यावर अॅनिमेशनपट केला, त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं आणि ऑस्करचं नामांकनही. २०१३ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांमध्ये हे पुस्तक वर्गांतून काढायचा आदेश निघाला, कारण छळाची चित्रं, तर मुलांनीच निदर्शनं केली.

पुस्तक संपतं विमानतळावर. १९९४, फ्रान्सला जायला निघालेली मार्जी आणि निरोप द्यायला आलेले आईबाबा, आजी. त्यानंतर आजी तिला एकदाच भेटली, १९९६ च्या जानेवारीत आजी वारली.