डिस्नीलँड आणि डिस्नी वर्ल्ड: एकाचं दार रस्त्यालगत, दुसऱ्याचं तळ्यापलीकडे

‘डिस्नीलँडला जाऊन आलो’ असं सांगणारे बरेच जण खरं तर फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डला जाऊन आलेले असतात. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही करमणुकीच्या जागा एकाच कंपनीच्या, दोन्हीकडे मेन स्ट्रीट नावाचा तोच जुन्या वळणाचा बाजाररस्ता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला कॅसल, म्हणजे परीकथेतला राजवाडा. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला कुठला कुठला ते ओळखू यायचं नाही. पण डिस्नीलँड आहे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइम शहरात, आणि डिस्नी वर्ल्ड आहे फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ. मधे अख्खी अमेरिका आडवी पसरलेली आहे.

या दोघांतला फरक सांगताना लोक एकर मोजतात, पार्क मोजतात. त्यात चूक काही नाही, तो हिशेब पुढे येईलच. पण माझ्या मते दोन्ही जागांचा स्वभाव त्याच्याही आधी कळतो, गाडीतून उतरल्यापासून कॅसलसमोर उभं राहीपर्यंत. बाहेरचं जग कुठे संपवायचं आणि कसं संपवायचं, हा प्रश्न दोन्हीकडे होता. कॅलिफोर्नियात ते काम एका बोगद्याने केलं. फ्लोरिडात ते अंतरावर सोपवलं.

आधी कॅलिफोर्निया. डिस्नीलँड सुरू झालं १७ जुलै १९५५ रोजी, संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या साधारण १६० एकर जागेवर. पार्कला गर्दी लोटली आणि कुंपणाला खेटून मोटेल, खानावळी, निऑनच्या पाट्या उभ्या राहिल्या. हार्बर बुलेव्हार्ड हा रस्ता आजही तसाच आहे: सिग्नल, बसथांबे, ओळीने हॉटेलं. डिस्नीलँड उभारणाऱ्या वॉल्ट डिस्नींना ही गर्दी फार खुपायची. आजूबाजूची जमीन घ्यायला तेव्हा त्यांच्याकडे पैसा नव्हता.

पण या अडचणीमुळेच डिस्नीलँडचं प्रवेशद्वार इतकं जमून आलंय, असं मला ठामपणे वाटतं. बाहेरचं जग हाकेच्या अंतरावर होतं, म्हणजे ते झाकणं भाग होतं. त्यासाठी पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला, त्यावर झाडं लावली आणि त्याच बांधावरून आगगाडी फिरवली. वॉल्टना आगगाड्यांचं वेड होतं, घराच्या अंगणातसुद्धा त्यांनी छोटी वाफेची गाडी धावती केली होती. इथे त्या वेडाचा दुहेरी उपयोग झाला, कारण ही गाडी पार्कची राइडही आहे आणि भिंतही.

हार्बर बुलेव्हार्डवरून आत शिरलं की बॅगांची तपासणी होते आणि आपण एका मोठ्या फरसबंद चौकात येतो. एका बाजूला डिस्नीलँडची फाटकं, बरोबर समोर डिस्नी कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या दुसऱ्या पार्कची. हे दुसरं पार्क ८ फेब्रुवारी २००१ रोजी सुरू झालं. तिथे आधी डिस्नीलँडचा गाड्यांचा तळ होता. एका पार्कातून दुसऱ्यात जायला चौक ओलांडायचा, एवढंच.

तिकीट दाखवून आत गेलं की समोर फुलझाडांनी साकारलेला मिकी माउसचा चेहरा, त्याच्यामागे उंचावर रेल्वे स्टेशन. कॅसल दिसत नाही, मेन स्ट्रीटही दिसत नाही, स्टेशनाने सगळं झाकलेलं असतं. त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक बोगदा आहे. बोगद्याच्या तोंडावर धातूची पाटी आहे. आजचा दिवस इथे मागे ठेवा आणि काल, उद्या आणि कल्पनेच्या जगात या, असा तिचा आशय. आत भिंतींवर राइड्सची रंगीत पोस्टर्स लावलेली आहेत. बोगदा अगदी आखूड, काही पावलांत संपतो. डोक्यावरून गाडी जात असेल तर खडखडाट ऐकू येतो. बाहेर पडलं की थेट टाउन स्क्वेअर, आणि मेन स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला स्लीपिंग ब्यूटीचा कॅसल. दोन-चार मिनिटांपूर्वी आपण सिग्नलला उभे होतो, हे खरं वाटत नाही.

हा कॅसल फक्त ७७ फूट उंच आहे. फ्लोरिडा आधी पाहून आलेले लोक इथे हमखास म्हणतात, ‘एवढासाच?’ मला तो तसाच आवडतो. वरवर जावं तसे त्याचे दगड लहान होत जातात, त्यामुळे डोळ्याला तो आहे त्याहून उंच भासतो. मेन स्ट्रीटच्या इमारतींचे वरचे मजलेही खालच्यापेक्षा लहान मापाने बांधलेत. रस्ता ऐसपैस वाटतो आणि तरी दबून जायला होत नाही. टाउन स्क्वेअरमध्ये आगीच्या बंबांचं एक केंद्र आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर वॉल्टची राहायची छोटी जागा होती. त्यांच्या आठवणीसाठी खिडकीत दिवा तेवत ठेवलेला असतो. बहुतेक लोक कॅसलकडे बघत पुढे निघून जातात आणि तो दिवा नजरेतून सुटतो. आत आल्यावर डाव्या हाताला वर बघा.

आता फ्लोरिडा. हार्बर बुलेव्हार्डची सल मनात घेऊनच वॉल्टनी दुसरी जागा शोधली. भाव चढू नयेत म्हणून वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून दलदलीची आणि रानाची जमीन गुपचूप विकत घेतली गेली. १९६५ च्या ऑक्टोबरात हे गुपित फुटलं, तोवर साधारण २७,००० एकर हातात आले होते. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट गेले. थोरले भाऊ रॉय निवृत्त व्हायच्या बेतात होते, ते थांबले आणि त्यांनी काम तडीस नेलं. हे सगळं वॉल्टचं स्वप्न होतं हे लोकांच्या लक्षात राहावं, म्हणून नाव ‘वॉल्ट डिस्नी वर्ल्ड’ असं पूर्ण ठेवायचा आग्रह त्यांचाच. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते उघडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात रॉयही गेले.

म्हणजे डिस्नी वर्ल्ड हे एक पार्क नव्हे. ती चार पार्कांची, दोन वॉटर पार्कांची आणि पंचवीसच्या आसपास हॉटेलांची वसाहत आहे. मॅजिक किंगडम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं (तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं), ॲनिमल किंगडम १९९८ चं. एकातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल, बोट किंवा केबल कार लागते आणि त्यात वेळ जातो. डिस्नीलँडसारखंच दिसणारं पार्क म्हणजे यातलं मॅजिक किंगडम. साधं एक दिवसाचं तिकीट एकाच पार्कचं असतं. डिस्नी वर्ल्डचं तिकीट काढलं म्हणजे सगळं बघता येईल, असं समजून आलेल्यांची फाटकावर पंचाईत होते.

मॅजिक किंगडमला पोचायची रीत कॅलिफोर्नियाच्या अगदी उलट आहे. महामार्ग सोडला की डिस्नीची कमान लागते, पण पुढे पार्क नसतंच. झाडी आणि दिशादर्शक पाट्या, कितीतरी वेळ तेवढंच. मग प्रचंड मोठा गाड्यांचा तळ येतो. तिथून ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर, तिथे बॅगांची तपासणी, आणि समोर पसरलेलं सेव्हन सीज लगून हे खणून केलेलं तळं. पार्क त्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. मोनोरेल तळ्याच्या काठाने नेते, फेरी (प्रवासी बोट) थेट पाण्यावरून. आधी हमरस्ता सुटला, मग गाडी सुटली, शेवटी जमीनही सुटली. फाटकाशी पोचेपर्यंत बाहेरचं जग इतकं मागे पडलेलं असतं की तिथे जादू करायला फारसं काही उरत नाही.

इथे कॅसलचा खेळही वेगळा आहे. फेरी सुटली की सिंड्रेलाचा कॅसल पाण्यापलीकडे, झाडांच्या वर, बोटाएवढा दिसतो. हळूहळू मोठा होत जातो. आणि धक्क्यावर उतरून फाटकातून आत आलं की रेल्वे स्टेशन आडवं येऊन तो पुन्हा गायब होतो. स्टेशनाखालून पलीकडे गेलं की मेन स्ट्रीटच्या टोकाला तोच कॅसल, आता १८९ फुटांचा, पूर्ण. आधी दाखवायचं, मग लपवायचं, मग जवळून दाखवायचं, ही रचना मला फार हुशारीची वाटते. तळ्याच्या या काठावरून नजरेत भरायचं तर कॅसल उंच असणं भागच होतं. ७७ फुटांचा कॅसल इथे झाडीत हरवला असता.

त्या तळ्याची माती वाया गेली नाही. कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याचे, सामान आणि कचरा नेण्याचे भुयारी रस्ते आधी जमिनीच्या पातळीवर बांधले आणि त्यांच्याभोवती ती माती भरून वर पार्क उभं केलं. मॅजिक किंगडममध्ये आपण चालतो ती खरं तर वरची पातळी असते.

या लांबलेल्या वाटेची किंमतही आहे. गाडी लावण्यापासून मेन स्ट्रीटपर्यंत सहज पाऊण तास जातो, गर्दीत त्याहून जास्त. कडेवर लहान मूल आणि वर फ्लोरिडाचं ऊन असेल तर तळ्याचं कौतुक राहत नाही. डिस्नीच्या हॉटेलांतून येणाऱ्या बस तर तळं वळसा घालून टाळतात आणि थेट फाटकाजवळ सोडतात. सोय म्हणून ते उत्तमच, पण या पार्कची ओळख ज्या प्रसंगाने व्हायला हवी, तोच त्यात गळतो.

उरलेल्या तीन पार्कांपैकी ॲनिमल किंगडमचा प्रवेश वेगळा आहे. फाटकातून आत गेलं की समोर काहीच भव्य नाही, फक्त दाट हिरवळ, नागमोडी पायवाटा, मधे मधे जनावरं. एक चढ चढून पुलाशी आलं की एकदम १४५ फुटांचं ट्री ऑफ लाइफ हे कृत्रिम झाड समोर येतं, खोडभर प्राणी कोरलेलं. एपकॉटचं याच्या उलट, तिथला मोठा गोल दुरूनच दिसत राहतो. हॉलिवूड स्टुडिओजच्या फाटकाबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

दोन्ही रीती ओळखता आल्या की जगातली बाकीची डिस्नी पार्कंही नीट वाचता येतात. पॅरिसचं पार्क (१९९२) कॅलिफोर्नियाच्या घराण्यातलं. उपनगरी आणि वेगवान गाड्यांचं स्टेशन दाराशीच आहे, म्हणजे पुन्हा बाहेरचं जग खेटून. तिथे ते झाकायला फाटकावर गुलाबी रंगाचं आख्खं हॉटेल उभं केलंय आणि लोक त्याच्याखालून आत जातात. पावसाचा विचार करून मेन स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना, दुकानांच्या मागून, छपराखालचे मार्गही काढलेत. टोकियोत (१९८३) याच पावसापायी अख्खा बाजाररस्ता काचेच्या छपराखाली गेला. हाँगकाँगमध्ये (२००५) मेट्रोच्या सनी बे स्टेशनवर डिस्नीची वेगळी गाडी घ्यायची. तिच्या खिडक्याच मिकीच्या आकाराच्या आहेत. तिथे फेंगशुईच्या सल्ल्याने प्रवेशाची दिशा १२ अंशांनी वळवली होती. शांघायमध्ये (२०१६) मेन स्ट्रीटच नाही. मिकी ॲव्हेन्यू नावाचा आखूड रस्ता आहे, पुढे मोठी बाग आणि मग डिस्नीच्या सगळ्या कॅसलांत मोठा कॅसल.

मला यात सगळ्यांत भावतं ते टोकियो डिस्नीसी, टोकियो डिस्नीलँडच्या शेजारचं २००१ चं पार्क. या दोघांतही लोक गल्लत करतात. डिस्नीसीमध्ये कॅसलऐवजी ज्वालामुखी आहे. आत जाताना एका इटालियन धाटणीच्या हॉटेलच्या पोटातून, कमानींखालून चालत जायचं. पलीकडे बंदर, पाणी, आणि पाण्यामागे माउंट प्रोमिथियस. म्हणजे कॅलिफोर्नियाचा बोगदा आणि फ्लोरिडाचं पाणी एकाच प्रवेशात आलंय, आणि तळं ओलांडायचे श्रमही नाहीत.

दोन्ही मूळ जागांपैकी एकच निवडायची वेळ आली, तर निव्वळ प्रवेशासाठी मी डिस्नीलँड निवडेन. मात्र तिथे बहुमजली वाहनतळावर गाडी लावून ट्रामने चौकाशी आलात तर हार्बर बुलेव्हार्ड दिसतच नाही आणि बोगद्याचा निम्मा परिणाम वाया जातो. शक्य असेल तर त्या रस्त्याच्या बाजूने, पायी या. आणि फ्लोरिडात मॅजिक किंगडमच्या पहिल्या दिवशी, हॉटेलची बस दाराशी उभी असली तरी, तिकीट सेंटरला जाऊन फेरीच घ्या, पुढच्या कठड्याशी जागा धरून. मोनोरेलने परत येता येईल.