सिलिकॉन घेण्याआधी जागा सांगा

आमच्या काउंटरवर बरेच ग्राहक "एक सिलिकॉनची ट्यूब द्या, पांढरी" एवढंच सांगतात. आम्ही लगेच ट्यूब काढत नाही, आधी विचारतो: कुठे लावायची आहे? काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. तसं नाही, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

वाळूत आणि गारगोटीत असतं ते सिलिकॉन, एक मूलद्रव्य. त्यापासून बनणाऱ्या रबराचं आणि तेलाचं नाव खरं तर सिलिकोन. पण बाजारात दोन्हींना सिलिकॉनच म्हणतात, म्हणून इथेही तेच. साध्या रबराची साखळी कार्बनची असते. उन्हाने ती तुटते आणि रबराला भेगा पडतात. सिलिकॉन रबरात मूलद्रव्य सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकाआड एक गुंफलेले असतात आणि ही गुंफण ऊन-पावसाला सहज दाद देत नाही. साधारण उणे ५० पासून २०० अंश सेल्सिअसपर्यंत ते लवचिक राहतं. १९४० मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोचो यांनी सिलिकॉनची पूड आणि मिथाइल क्लोराइड वायू तांब्याच्या साहाय्याने तापवून कच्चा माल मिळवला आणि मग हे रबर कारखान्यात बनवणं परवडू लागलं. १९६९ मध्ये चंद्रावर उमटलेले ठसे सिलिकॉन रबराच्या तळव्यांचे आहेत.

तो कच्चा माल आम्ही बनवत नाही. तो मोठ्या कारखान्यांतून येतो. आम्ही त्यात फिलर (भरीची पूड) आणि रंग मिसळून साच्याचं रबर तयार करतो आणि सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या, ट्यूब भरतो.

वासाची आणि न्यूट्रल

ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा उग्र वास आला, तर ते अॅसिटॉक्सी सिलिकॉन. सुकताना त्यातून अॅसिटिक अॅसिड बाहेर पडतं. स्वस्त असतं, लवकर सुकतं, काचेला घट्ट धरतं. पण कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो, हे घराघरांत माहीत आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड; लिंबाने जे होतं तेच या ट्यूबने होतं. पट्टी वरून छान दिसते आणि खालून दगड झिजून ती सुटते. सिमेंटचा गिलावा, पितळ, तांबं, जस्ताचा पत्रा यांच्याही वाट्याला ही ट्यूब देऊ नका. तिथे न्यूट्रल, म्हणजे सुकताना अॅसिड न सोडणारं सिलिकॉन हवं. ते महाग पडतं, पण ओटा पुन्हा बसवण्यापेक्षा स्वस्तच.

आरशाबद्दल तर आम्ही आग्रहच धरतो. एका सलूनवाल्यांना आमच्याकडून न विचारता वासाची ट्यूब गेली. त्यांनी सगळे आरसे तिनेच चिकटवले. पुढे आरशांच्या पाठीचा मुलामा खराब झाला आणि समोरून काळे डाग दिसू लागले. आरसे आम्ही बदलून दिले. तेव्हापासून काउंटरवर कोणीही असो, जागा विचारल्याशिवाय ट्यूब द्यायची नाही असा नियम आहे.

माशांच्या टाकीसाठी वासाची ट्यूब चालते, पण बाथरूमची नव्हे. बाथरूमच्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना मारक ठरतं. पट्टीवर नंतर रंग द्यायचा असेल तर सिलिकॉन घेऊच नका, रंग धरत नाही, अॅक्रिलिक सीलंट मागा.

पावसाळ्यात खिडक्या गळू लागल्या की मागणी वाढते. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, त्यामुळे दमट हवा त्याला चालते. भिंतीवरची ओल मात्र चालत नाही. ओल्या चौकटीवर लावलेली पट्टी दोन दिवसांत सोलून निघते. जुनी पट्टी ब्लेडने पूर्ण काढा, तिथे बसलेलं साबण-तेल पुसा, जागा कोरडी करा, मगच ट्यूब दाबायची गन हातात घ्या. वरची साय अर्ध्या तासाच्या आत धरते, पण आतपर्यंत दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच सुकतं. १० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर खोल फटीसाठी २८० मिलिलिटरची ट्यूब साडेपाच मीटर पुरते. तेवढं मोजून या.

मूर्तिकार आणि मोदकवाल्यांसाठी

साच्याचं रबर ज्या कॅटॅलिस्टने (रबर घट्ट करणाऱ्या रसायनाने) धरतं, त्यावरून दोन प्रकारचं: टिनचं आणि प्लॅटिनमचं. टिन कॅटॅलिस्टचं रबर पीओपी आणि शाडूच्या मूर्तींच्या साच्याला चांगलं. कॅटॅलिस्ट वजनाने घालायचा, शंभराला दोन ते पाच, डब्यावर लिहिलं असेल तितकाच. झाकणाने मोजू नका, काटा वापरा. जास्त घातला तर रबर लवकर आवळतं आणि साचा ठिसूळ होतो. मे महिन्याच्या उकाड्यात ते तसंही घाईने धरतं, म्हणून सकाळी ओता. दोन तुकड्यांच्या साच्यात पहिल्या तुकड्याच्या कडेला वॅसलिन लावायला विसरू नका, नाहीतर दोन्ही तुकडे एकजीव होतील.

चॉकलेट किंवा मोदकाच्या साच्याला टिनचं रबर आम्ही देत नाही, कितीही आग्रह केला तरी. खाण्याच्या वस्तूला प्लॅटिनमचं, तेही खाद्यपदार्थांसाठी प्रमाणित केलेलंच. हे रबर नाजूक मिजाशीचं असतं: गंधक असलेली मॉडेलिंग क्ले किंवा रबरी हातमोजे यांचा संपर्क आला की तिथे ते चिकटच राहतं. नायट्राइलचे मोजे घाला. टिनच्या रबराची भांडी-काड्या यासाठी वापरू नका, धुतलेल्याही.

दगडाबद्दल अजूनही शंका असेल, विशेषतः फिकट ग्रॅनाइट असेल, तर तुकडा घेऊन या. काही सिलिकॉनमधलं तेल दगडात झिरपून कडेने गडद पट्टा उमटवतं. आम्ही तुमच्यासमोर तुकड्यावर एक पट्टी ओढून देऊ. तो तुकडा दोन आठवडे घरी ठेवा, कडा बघा आणि मग ट्यूब न्यायला या.