क्लीव्हलँड: पोलाद, पेटलेली नदी आणि त्यानंतरची उभारी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा धंदा करणाऱ्याला वाहतुकीचं मोल सांगावं लागत नाही. पिग आयर्न म्हणजे कच्चं लोखंड आणि कोक म्हणजे भट्टीचा कोळसा बाहेरून येतो, तेव्हा कुठे भट्टी पेटते. अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी वसलेलं क्लीव्हलँड असंच वाहतुकीवर मोठं झालं. १८३२ पर्यंत कालव्याने ते ओहायो नदीला जोडलं गेलं. १८५५ मध्ये सू कालवा झाला आणि सुपीरियर सरोवराकडचं लोहखनिज जहाजांनी थेट येऊ लागलं. कोळसा पेनसिल्व्हेनियातून आला, आणि इथं पोलादाचे कारखाने उभे राहिले. रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल ही तेल कंपनी १८७० मध्ये इथंच स्थापन झाली.

बंदरात जहाजातलं खनिज उतरवणारं ह्यूलेट यंत्र आपल्या कारागिरांनी बघावं असं होतं. चालक यंत्राच्या भल्यामोठ्या हातातच, खनिज उचलणाऱ्या जबड्याच्या अगदी वर बसायचा आणि त्या हाताबरोबर जहाजाच्या पोटात उतरायचा. एका घासात १७ टन खनिज निघायचं. फावड्यांनी कित्येक दिवस चालणारं काम तासांवर आलं.

१९५० मध्ये शहराची लोकसंख्या ९,१४,८०८ होती. पुढे कारखाने आणि पैसेवाले गोरे रहिवासी उपनगरांत गेले, महामार्गांनी त्यांची वाट सोपी केली. दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांना मात्र हफसारख्या दाटीच्या वस्त्यांतच घरं मिळत. १९६६ मध्ये हफमध्ये दंगल उसळली, चार जणांचा जीव गेला.

२२ जून १९६९ ला शहरातून वाहणाऱ्या कायाहोगा नदीवरचा तेलाचा थर पेटला. आग अर्ध्या तासात विझली आणि नुकसान रेल्वेच्या दोन पुलांपुरतं राहिलं. नदी आधीही अनेकदा पेटली होती, १९५२ ची आग तर कितीतरी मोठी. पण या वेळी महापौर होते कार्ल स्टोक्स, अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना घेऊन ते नदीकाठी फिरले आणि घाण कुठून येते ते दाखवलं. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यामागे या आगीने पेटवलेला रोषही होता. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याच्या पाण्याने ज्यांचं शिवार नासतं, त्या शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना स्टोक्स यांचं मोठेपण लगेच कळेल.

शहराची तिजोरी मात्र रिकामीच होती. १९७८ मध्ये बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला. शहराची स्वतःची वीज कंपनी विकून टाका, असा दबाव होता. तरुण महापौर डेनिस कुसिनिच यांनी ती विकली नाही, आणि १५ डिसेंबरला शहराने कर्ज थकवलं. फेब्रुवारी १९७९ मध्ये नागरिकांनी स्वतःच मतदान करून आयकर वाढवून घेतला आणि वीज कंपनी राखली. कुसिनिच त्याच वर्षी निवडणूक हरले, पण माझ्या मते शहराचा कणा त्याच मतदानात दिसला.

पुढची उभारी दवाखान्यांनी दिली. १९२१ चं क्लीव्हलँड क्लिनिक आज इथलं सर्वात मोठं रोजगारकेंद्र आहे. १९९५ मध्ये सरोवराकाठी रॉक संगीताचं संग्रहालय उघडलं. शहरातला पोलादाचा कारखाना दिवाळखोरीनंतर २००२ मध्ये नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाला. त्याच्यासाठी खनिजाची जहाजं आजही वळणावळणाच्या नदीतून आत येतात. २०१९ मध्ये त्याच नदीतले मासे खायला योग्य ठरले. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत ३,७२,६२४ भरली, आणि दवाखान्यांच्या झगमगाटाशेजारीच असलेल्या हफमध्ये गरिबी अजून ठाण मांडून आहे.