पंचनाम्याबाहेरची माती

जुलै-ऑगस्टमध्ये यवतमाळ, वाशीम किंवा बुलढाण्याच्या एखाद्या मंडळात एका रात्रीत धो धो पाऊस पडतो, नाला पात्र सोडून वावरात शिरतो आणि चार-सहा दिवसांनी तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघं मिळून पाहणीला येतात. पंचनाम्यात ‘खरडून गेलेली जमीन’ असा रकाना असतो. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या निकषाप्रमाणे अशा जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये ठरले होते. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारनं त्यात रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतच्या दुरुस्तीची भर जाहीर केली. हे सगळं नाल्याकाठच्या जमिनीसाठी. त्याच शिवारात वरच्या अंगाला, बरडाच्या म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीच्या उतारावर दर पावसाळ्यात थोडी थोडी माती जाते, तिचा पंचनामा कोणी करत नाही. विदर्भातल्या धुपीचा खरा इतिहास मात्र या दुसऱ्या मातीचा आहे.

केंद्रीय मृद्‌संधारण शास्त्रज्ञांनी १९८३ साली देशापुरता एक अंदाज मांडला होता, तो आजही सगळीकडे वापरला जातो: वर्षाला ५३३ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी सरासरी सोळा टनांच्या आसपास. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत साचते, उरलेली इकडची तिकडे होते. सोळा टन ऐकायला मोठे वाटतात. पण एका हेक्टरवरचा एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजेच बारा-तेरा टन माती. वर्षाला मिलिमीटरभर माती गेलेली डोळ्यांना दिसत नाही. तीस वर्षांनी वखराची पास (लोखंडी पातं) मुरमाला घासू लागते तेव्हा कळतं.

ज्याला पाहायचं असेल त्याला एका चांगल्या सरीनंतर उताराच्या वावरात उकिडवं बसून पाहता येतं. बारीक खडे मातीच्या छोट्या छोट्या खुंटांवर टेकलेले दिसतात. खड्यानं आपल्याखालची माती झाकली म्हणून ती राहिली, भोवतालची थेंबांच्या माऱ्यानं उडून गेली. खुंटाची उंची म्हणजे त्या पावसात गेलेली माती. धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या हद्दीच्या बांधावरच्या, बाभळीच्या किंवा पळसाच्या उघड्या पडलेल्या मुळ्या हाच हिशेब पंचवीस-तीस वर्षांचा दाखवतात.

काळ्या मातीचा स्वभाव इथं महत्त्वाचा. बेसाल्ट खडकापासून झालेली ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. जूनमधला पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो, वाहून जायला फारसा उरतच नाही. मग भेगा मिटतात, माती फुगून गच्च होते आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी कमी होतो. त्यानंतर झड (सततचा पाऊस) लागली की पडलेलं पाणी वरूनच धावतं. त्या वेळी कपाशी वीतभर असते, दोन तासांमधली (पेरणीच्या ओळींमधली) जमीन उघडी असते. पाऊस सर्वांत जोरात आणि जमीन सर्वांत उघडी, हा योग इथं दर वर्षीचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, तर मातीत सोडियम जास्त. ओली झाली की ती विरघळल्यासारखी सुटते. म्हणून जमीन जवळजवळ सपाट असूनही नदीकाठाला घळी पडत आत सरकत राहतात.

पाऊस जास्त म्हणून धूप जास्त, असं सरळ गणित मांडलं तर झाडीपट्टीत म्हणजे पूर्व विदर्भात ते चुकतं. अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पडतो, गडचिरोलीत तेराशेच्या वर. तरी भंडारा-गोंदियाकडची धानाची जमीन टिकून आहे, कारण बांधी. चारी बाजूंनी धुरा घातलेल्या बांधीत पाणी थांबतं, गाळ तिथंच बसतो, जास्तीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं. त्याच्या वर गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले तलाव. मालगुजारी (इथली जमीनदारी) १९५० च्या कायद्यानं गेली आणि हे ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव सरकारकडे आले. गाळ काढणं, पाळ सांभाळणं ही कामं जी गावाच्या अंगवळणी होती ती कागदावर गेली, तलाव गाळानं उथळ होत गेले. तो वेगळा विषय आहे. इथं एवढंच, की तिकडची शेतीच पाणी थांबवण्यावर उभी होती, वऱ्हाडातली तशी नव्हती.

वऱ्हाड म्हणजे पश्चिम विदर्भ १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. याच दशकात मुंबईच्या धर्तीवर जमीन मोजणी सुरू झाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढं खामगाव आणि अमरावतीला फाटे निघाले. कापसाला भाव, सारा ठरलेला, गाडी दारात. मग चराईची कुरणं, बरडावरची झुडपं, नाल्याकाठचं गवत नांगराखाली यायला वेळ लागला नाही. एकोणिसावं शतक संपता संपता वऱ्हाडच्या मैदानात वहितीजोगी मोकळी जमीन जवळपास उरली नव्हती. खोल काळी जमीन आधीपासून पिकत होतीच. नव्यानं आली ती हलकी, उताराची, हात-दीड हात मातीची. जी सर्वांत आधी वाहून जाणार तीच.

मोजणीनं आणखी एक गोष्ट केली. सर्व्हे नंबरांच्या हद्दी दगड रोवून सरळ रेषेत पक्क्या झाल्या, उताराशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. पुढं भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येकाला वरची हलकी आणि खालची भारी, दोन्ही यायला हवी, म्हणून वावराच्या उभ्या पट्ट्या पडल्या. न्यायाच्या दृष्टीनं बरोबरच. पण दहा-बारा तासांच्या लांबट पट्टीत आडवं वळण घेत कोण पेरणार? तिफन (पेरणीचं अवजार) उभी चालते, म्हणजे वरून खाली. प्रत्येक सरी पाण्याची नाली होते. धुऱ्याशी पोचलेलं पाणी शेजाऱ्याच्या वावरात सुटलं की भांडण आणि तहसीलदाराकडे अर्ज. विदर्भातल्या धुऱ्याच्या भांडणांत जमिनीच्या हव्यासाइतकाच हा पाण्याचा भाग असतो, तो बाहेरच्यांना दिसत नाही.

सरकारी बांधबंदिस्ती आली ती बाहेरून. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, त्याच्या मागं सोलापूर भागातल्या कोरडवाहू शेतीचा अनुभव होता: पाऊस कमी, माती हलकी ते मध्यम. त्या काळी विदर्भ मध्यप्रांतात होता. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर आणि विशेषतः १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांबरोबर समतल बांध इथं मोठ्या प्रमाणावर पडले. हलक्या जमिनीत ते चाललेही. खोल काळीत मात्र बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबायचं, पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडायची, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पहिल्या मोठ्या पावसात तो फुटायचा. फुटलेल्या बांधातून एकदम सुटलेलं पाणी साध्या वाहत्या पाण्यापेक्षा जास्त माती नेतं. शेतकऱ्यांनी बांध फोडले तेव्हा त्यांना अडाणी ठरवलं गेलं. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. अशा जमिनीला पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध लागतात, हे पुढं शास्त्रानंही मान्य केलं.

मुख्यमंत्रीपदी पुसदचे वसंतराव नाईक आणि नंतर सुधाकरराव नाईक आले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा घरोघरी गेली, जलसंधारणाचं स्वतंत्र खातं झालं. २००६ चं पंतप्रधान पॅकेज, मग जलयुक्त शिवार, मग पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. यातला मोठा पैसा नाल्यावर गेला, कारण सिमेंट नाला बांध दाखवता येतो, फोटो निघतो. वावरातली माती वावरातच ठेवण्याचं काम किचकट असतं, ते शंभर मालकांशी बोलून करावं लागतं.

गेल्या तीस वर्षांच्या धुपीचा सगळा दोष सोयाबीनला देण्याची एक पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. दाटल्यावर सोयाबीन जमीन कपाशीपेक्षा लवकर झाकतं. बिघडलं ते त्याच्या आजूबाजूला. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल आणि बैलांबरोबर शेणखत. सेंद्रिय अंश उतरला की ढेकूळ थेंबाच्या एका माऱ्यात विरतं. बैलजोडी पट्टीत कशीही वळायची. ट्रॅक्टरला लांब तास लागतो, म्हणून पेरणी आणखीच उभी झाली. तणनाशक आल्यावर धुऱ्यावरचं गवतही जळू लागलं, आणि धुरा धरून ठेवणारं तेच होतं.

रुंद वरंबा-सरीचं बीबीएफ यंत्र कृषी विभाग बरीच वर्षं सांगतो आहे. उताराला आडवं चालवलं तर त्याचा उपयोग होतो: कमी पावसात ओल टिकते, झडीत सरीतून पाणी निघून जातं. पण ते भाड्यानं मिळतं तेव्हा चालक वेळ मोजून पैसे घेतो आणि आडव्या तोकड्या पट्टीत वळणं जास्त पडतात. त्यात वावर ठोक्यानं, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम देऊन, केलेलं असेल तर बोलायलाच नको. एका वर्षाचा ठोका घेणारा बियाणं आणि खत यांचा हिशेब करतो. धुरा दुरुस्त करायला पैसे घातले तर त्याचा फायदा पुढच्या ठोकेवाल्याला. मालक अमरावतीला किंवा पुण्याला. मार्चमध्ये ठोका ठरतो तेव्हा एकरी रक्कम बोलली जाते, माती किती उरली हे कोणी विचारत नाही.