पडदा बोलतो, पण उत्तर देत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात वाढणाऱ्या मराठी मुलाला तेलुगू कुणी पाटी-पेन्सिल घेऊन शिकवत नाही. शेजारी तेलुगू बोलणारी पद्मशाली आजी असते, कोपऱ्यावरचा दुकानदार कन्नड बोलतो आणि पोर दारात खेळता खेळता दोन्ही भाषा उचलतं. चुकीचा शब्द गेला की सवंगडी हसतात, आजी सुधारून देते.

अमेरिकेत भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 साली नेमकं हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन (चिनी) भाषिक माणसं 12 बैठकांत बोलली, खेळली. त्या बाळांना मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद कळू लागले. दुसऱ्या बाळांना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. ती काहीच शिकली नाहीत.

मग दोष पडद्याचा? पुरता नाही. 2014 मधल्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून मात्र नाही. कॉलवरचं माणूस मुलाकडे बघून उत्तर देत होतं. पुण्यातल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या सोलापूरच्या आजीने म्हणूनच बिनघोर बोलावं.

रे ब्रॅडबरी यांच्या 1953 च्या ‘फॅरनहाइट 451’ या कादंबरीत हे फार आधी आलंय. नायकाची बायको भिंतीएवढ्या तीन टीव्हींसमोर बसते, त्यातल्या पात्रांना आपलं कुटुंब मानते आणि चौथ्या भिंतीचा हट्ट धरते. निवेदक तिचं नाव घेऊन बोलतो, कारण एक यंत्र ते नाव मधे बसवतं. नवऱ्याशी बोलायला तिच्याकडे काही उरत नाही. मला यातलं ते नाव घेणं सगळ्यात भयंकर वाटतं.

आजची रील नाव घेत नाही, आवड ओळखते. पुढे काय येईल हे ठाऊक नसतं, म्हणून बोट थांबत नाही. अनपेक्षित बक्षीस मिळालं की मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात प्रतिसाद देतात, हे मेंदू-संशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. तरी ऊठसूट ‘व्यसन’ म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमिंगचा विकार आहे. मोबाइल वापरणं हा आजार म्हणून त्यात नाही.

घरी विड्या वळणारी आई मांडीवर सूप घेऊन बसते, हात तंबाखूत आणि पानात गुंतलेले, म्हणून पोराच्या हाती मोबाइल जातो. तिला बोल लावू नये. पण तिचं तोंड मोकळं असतं, आणि पोराला हवं असलेलं उत्तर तिथून मिळू शकतं.

थोडी मोठी मुलंही लवकर सावरतात. कॅलिफोर्नियात 51 शाळकरी मुलं पाच दिवस पडद्याविना शिबिरात राहिली. शेवटी चेहऱ्यावरच्या भावना ओळखण्यात त्यांची प्रगती शिबिराला न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त दिसली. अभ्यास छोटा आहे, आणि श्रेय मोकळ्या हवेला किती, गप्पांना किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण भावना ओळखायचा तास तिथे कुणी घेतला नव्हता.